हिवाळ्यात आम्ही दोघंच कॅराव्हॅननं इंदूरहून निघणार आहोत, आठवड्याचा मार्ग कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून येणार, इंदुरात भाड्यानं कॅराव्हॅन घेणार, जानेवारीतला एक आठवडा हाताशी आहे, आणि यादीत उज्जैन, ओंकारेश्वर, मांडू, महेश्वर, हनुवंतिया, जमलं तर पचमढीही. एवढं बसेल का, आणि रात्री गाडी कुठे लावायची, हा प्रश्न.

बसेल, पण मग कॅराव्हॅन कशाला? टॅक्सी करा, हॉटेलात राहा. स्वस्तात पडेल आणि पाठही शाबूत राहील. ही गाडी चालू असताना आत भांडी खडखडतात, खड्ड्यात कपाटाचं दार उघडतं आणि मागे बसलेल्या माणसाला धड पुस्तकही वाचता येत नाही. तिची मजा ती उभी असताना. सकाळी गावात एकही पर्यटक उगवलेला नसताना, पायातले मोजे न काढता दार उघडायचं आणि चहाचं आधण ठेवायचं, पैसे मोजायचे ते ह्याचे. म्हणून उज्जैन, ओंकारेश्वर, हनुवंतिया आणि पचमढी सरळ खोडा. मांडू आणि महेश्वर, दोनच मुक्काम, तीन-तीन रात्रींचे. सगळं वर्तुळ तीनशे किलोमीटरच्या आत येतं. आमचे हे आधी म्हणाले होते, "एवढ्याशा अंतराला एवढी मोठी गाडी?" आता तेच नात्यागोत्यात हा मार्ग सांगत सुटलेत.

जाताना इंदूर, धार, मांडू असं जा. धारला किल्ल्यापाशी थोडं थांबलात तर बरं. दुसरा बाजीराव 1775 साली ह्याच किल्ल्यात जन्मला. बाकी धार जेवण्यापुरतं.

मांडू आधी घ्यायचं ते थंडीमुळे. माळव्याचं पठार तिथे संपतं आणि वरची रात्र चांगलीच गार असते. आधी गारठून घ्या, मग खाली निमाडात, म्हणजे नर्मदेच्या सखल खोऱ्यात, उतरून उबेला बसा. उलट केलंत तर नर्मदेकाठच्या कोवळ्या उन्हाची सवय झालेल्या अंगाला मांडूची पहाट सोसत नाही.

मांडूत जहाज महाल पहिल्याच तासात उरकू नका. मुंज तलाव आणि कपूर तलाव ह्यांच्या मधोमध ती लांबलचक इमारत उभी आहे, आणि जानेवारीतही तलावांत पाणी असतं. सकाळी आठच्या सुमारास गच्चीवर गेलात तर पाण्यावरून वाफ उठताना दिसते. शनिवार-रविवारी त्याच गच्चीवर फोटोवाल्यांची रांग लागते, तेव्हा ते दिवस टाळा. होशंगशहाच्या कबरीला दुपार द्या, संगमरवर तोवर जरा तापलेला असतो. रूपमती मंडप मात्र आभाळ बघून. तो पठाराच्या अगदी दक्षिण कडेला आहे, खाली निमाड पसरलेलं, आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर नर्मदेची बारीक रेघ दिसते. हिवाळ्यात बहुतेक दिवशी धूसरच असतं. मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, पडून गेला की दुसऱ्या दिवशी नक्की जा, सगळी धूळ धुऊन निघालेली असते. तीन रात्री राहा म्हणते ते ह्याच्यासाठीसुद्धा. एका दिवसात आलेला माणूस धुकं बघून परत जातो.

तिथली गोरखचिंचेची झाडंही बघून घ्या, मूळची आफ्रिकेतली. पानं झडलेली असतात, त्यामुळे त्यांची ती अवाढव्य खोडं नीट दिसतात. रस्त्याकडेला बायका त्यांची फळं विकतात, ‘मांडू की इमली’ म्हणून. कवच फोडलं की आत पांढरा, कोरडा, खडूसारखा गर. जिभेवर ठेवला की आधी काहीच लागत नाही आणि मग एकदम आंबट. जेवायला दाल-पानिये मागा. मक्याचं पीठ दोन पानांच्या मधे थापून गोवऱ्यांवर भाजलेलं असतं, पानाच्या शिरा भाकरीवर उमटतात.

मांडूत शिरताना जुन्या वेशींमधून रस्ता जातो. गाडी ठरवतानाच तिची उंची विचारून ठेवा, छतावर एसी किंवा सोलर पॅनल असेल तर तेही धरून. आणि तिथल्या माणसाला फोन करून खात्री करून घ्या.

खाली उतरलात की हवा, पीकपाणी, बोली, सगळंच बदलतं. वर गहू-हरभरा, लसूण. खाली कापूस, आणि वाळायला घातलेल्या मिरचीची लालभडक खळी. मिरचीच्या खळ्याजवळ गाडीच्या काचा बंद ठेवा, नाहीतर अर्धा तास शिंकत बसाल. दुसरं म्हणजे, कापसानं रुंदीच्या दुप्पट फुगलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या इथे अंधारात मागचा दिवा नसताना चालतात. संध्याकाळी पाचनंतर चाक हलवायचं नाही, हा नियमच करा. घाट उतरताना खालचा गियर ठेवा, ब्रेकवर पाय देऊन बसू नका. भरलेल्या पाण्याच्या टाकीसकट ही गाडी जड असते.

महेश्वरबद्दल काय सांगू! आम्हा इंदूरकरांना ते माहेरासारखं. तरी एक गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. गाव नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे, म्हणजे घाटांचं तोंड दक्षिणेकडे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे घाटाच्या पायऱ्यांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन राहतं. उन्हाळ्यात हाच दगड पाय भाजतो, जानेवारीत त्यावर पाठ टेकून दुपार काढता येते. एक दिवस काहीच ठरवू नका. सकाळी राजवाड्यात अहिल्याबाईंची गादी बघा, एखाद्या मागावर जाऊन माहेश्वरी साडी विणताना बघा (उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, काठावरची नक्षी किल्ल्याच्या भिंतींवर शोधत बसायला मजा येते), आणि मग घाटावर या. नावाडी नदीतल्या बाणेश्वराच्या देवळाला नेऊन आणतील. सहस्रधारेला वेगळी चक्कर मारा, तिथे नदी खडकांतून असंख्य धारांनी फुटते.

हेच दिवस परिक्रमावासींचेही. पांढऱ्या कपड्यातली, हातात काठी आणि कमंडलू घेतलेली माणसं घाटावर भेटतील, त्यात मराठी बोलणारी बरीच. चहा विचारा, आनंदानं थांबतात. फक्त गाडी घाटाजवळ, त्यांच्या वाटेत, लावू नका.

इतिहासाची ओढ असेल तर एक दिवस रावेरखेडीला द्या. पहिले बाजीराव पेशवे 28 एप्रिल 1740 ला तिथे वारले, नर्मदाकाठी त्यांची समाधी आहे. खरगोन जिल्ह्यातच, सनावद-बेडियाच्या बाजूला. शेवटचा रस्ता खेड्यातला, म्हणून कॅराव्हॅन महेश्वरातच ठेवून छोटी गाडी करा.

आता रात्रीच्या मुक्कामाचं. माळरानावर कुठेही गाडी लावून झोपायचं, हे व्हिडिओत बरं दिसतं. दोघांनीच असताना मी ते करणार नाही. मध्य प्रदेश पर्यटनाची मांडूत मालवा रिसॉर्ट आणि महेश्वरात नर्मदा रिट्रीट आहेत; त्यांना किंवा एखाद्या खासगी हॉटेलला आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: आवारात गाडी लावू द्याल का, 16 अँपिअरचा प्लग मिळेल का, आणि संडासाची टाकी कुठे रिकामी करायची. तिसरा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत आणि मग नदीकाठ घाण होतो. दुसरा मुद्दा ड्रायव्हरचा. भाड्याच्या गाडीबरोबर बहुधा ड्रायव्हर येतो, आणि तुम्ही दोघं आत निवांत झोपलात तर तो बिचारा कुठे झोपणार? त्याच्यासाठी खोलीचे पैसे धरूनच हिशोब करा. स्वतः चालवायची परवानगी मिळाली तर आरसी बुकात एकूण वजन बघा. साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स 7500 किलोपर्यंत चालतं, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये ते कायम केलं आहे.

थंडीसाठी रजया न्या, हीटरच्या भरवशावर राहू नका. इन्व्हर्टरवर तो तासभरही धड चालत नाही. कोळशाची शेगडी किंवा पेटता गॅस ऊब म्हणून बंद गाडीत अजिबात ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. काचा गच्च लावून झोपलात तर दोघांच्या श्वासानंच पहाटे छतावरून थेंब टपकतात, म्हणून वरची झडप बोटभर उघडी ठेवायची, टोपी घालून झोपायचं. हे माझ्या वाट्याला आलेलं काम. पाणी भरणं आणि वायर ओढणं ह्यांच्याकडे. वाटणी निघायच्या आधीच करून घ्या, रात्री नऊला अंधारात प्लग शोधताना ती चर्चा नको.

तारखा: 31 डिसेंबरच्या आसपास, संक्रांतीला आणि नर्मदा जयंतीला, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीला, येऊ नका. नदीकाठी पाय ठेवायला जागा नसते.

परतताना मंडलेश्वरहून जाम गेटचा घाट चढून महूमार्गे या. अरुंद वळणं आहेत, पण चढावर ब्रेकची काळजी नसते. अहिल्याबाईंच्या काळातल्या त्या दरवाज्यापाशी उतरून मागे बघा, आठवडाभर जिथे होतात ते सगळं निमाड खाली दिसतं. इंदुरात संध्याकाळी पोहोचलात तर सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गरम गराडू (तळलेला कंद) खा, वर जीरावण मसाला आणि लिंबू. ते थंडीतच मिळतात. आणि गाडी परत देण्याआधी दोन्ही टाक्या रिकाम्या करून त्यांचा फोटो काढून ठेवा, अनामत रकमेची भांडणं तिथेच होतात.