विचारून टाका: "तो पोट्टा हिंदीच बोलत नाही"

या वेळी परदेशात गेलेल्यांची, आणि त्याहून जास्त त्यांच्या आयांची पत्रं आलीत. तीन घेतली.

प्रश्न: ताई, माझा मुलगा ड्रेस्डेनला एमएस करून राहिला. फ्लॅटमध्ये चौघं आहेत, एक पंजाबचा, एक केरळचा अन् एक मद्रासी. पंजाबच्या पोट्ट्याशी याचं जमते, पण तो मद्रासी भल्ला घमेंडी आहे म्हणे. हिंदी बोलतच नाही, आडनाव विचारलं तर सांगत नाही, नावापुढे नुसतं एक अक्षर लावतो. अन् केरळवाला खोबरेल तेलात भाजी करतो, त्याचा वास याला सहन होत नाही. रूम बदल म्हणू का? (एक आई, मनीषनगर)

उत्तर: नका म्हणू. दुसऱ्या रूमवरही कोणीतरी असणारच आहे.

आधी हिंदीचं बोलू. आपण नागपूरचे लोक, आपल्याला हिंदी फुकटात मिळालेली आहे. बर्डीवर भाजीवाला मराठी, घेणारी मराठी, तरी भाव हिंदीत होतो, ऑटोवाल्याचंही तेच, त्यामुळे आपल्याला वाटतं की भारतात जन्मला म्हणजे प्रत्येकाला हिंदी येतेच आणि बोलत नाही म्हणजे मुद्दाम. तसं नाहीये हो. तामिळनाडूच्या सरकारी शाळांत १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी दोनच भाषा शिकवतात. त्याआधी १९३७ च्या शेवटी सुरू झालेलं अन् मग १९६५ चं अशी दोन मोठी हिंदीविरोधी आंदोलनं तिथे झाली, माणसं मेली त्यात. आणि "राष्ट्रभाषा येत नाही का" असं तुमच्या मुलाने त्याला ऐकवलं असेल (असं ऐकवतातच, मला माहीत आहे), तर घटनेच्या ३४३ व्या कलमात हिंदी ही संघाची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा म्हणून घटनेत एकाही भाषेचं नाव नाही. आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत, त्यात त्याची आहे, आपली पण आहे.

आता त्या टेबलावर काय होत असेल ते बघा ना, तिघं हिंदीत जोक मारून खिदळून राहिले अन् चौथा मोबाइलमध्ये तोंड घालून बसलाय. तो रात्री त्याच्या आईला फोनवर काय सांगत असेल? की हे तिघं मला बोलण्यात घेतच नाहीत, भल्ले घमेंडी आहेत. तो असला की इंग्रजीत बोला म्हणा, तोडकं मोडकं चालते.

आडनावाचं तर मला हसू आलं. त्याला आडनाव नसणार! १९२९ मध्ये चेंगलपट्टूला तमिळ समाजसुधारक पेरियार यांच्या जातीविरोधी स्वाभिमान चळवळीची परिषद झाली, तिथे जातदर्शक आडनावं टाकून द्यायचा ठराव झाला, पेरियारांनी स्वतः नायकर लावणं सोडलं, आणि तिथल्या असंख्य घरांनी हळूहळू तेच केलं. ते एक अक्षर बहुतेक त्याच्या वडिलांच्या नावाचं असेल, आपण मधे लावतो तो पुढे लावतो, एवढंच. पण आपण आडनाव विचारतो कशाला हेही जरा बघा, खोटं कशाला बोला, पुढचा हिशोब आपण मनातल्या मनात लावतच असतो. दीक्षाभूमी असलेल्या शहरात हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

राहिलं खोबरेल. आपल्याला ते डोक्याला लावायचं वाटतं. पण जुने सावजीवाले मटण जवसाच्या तेलात करायचे की नाही? ते तेल जगभर ऑइल पेंटमध्ये अन् लाकडाच्या पॉलिशला वापरतात, म्हणजे आपण रंगाचं तेल खातो असं कोणी म्हणालं तर? आणि तुमच्या पोट्ट्याने सावजी मसाला परतला की बाकी तिघं खिडक्या उघडत असतील ते तो तुम्हाला सांगणार नाही. गंमत म्हणजे ड्रेस्डेनच्या जवळच लाउझिट्झ म्हणून भाग आहे, तिथले जर्मन लोक उकडलेले बटाटे, क्वार्क (आपल्या चक्क्यासारखं असतं) आणि वरून जवसाचं कच्चं तेल असं जेवतात. तेल घेऊन ये म्हणा अन् चौघांनी मिळून खा, तिथे सगळेच नवीन.

प्रश्न: माहेर नागपूरच्या महाल भागातलं, सध्या डब्लिन. इथल्या मराठी ग्रुपमध्ये मी "करून राहिली" म्हटलं की पुण्याच्या बायका हसतात. "नागपूर म्हणजे हिंदीच ना तुमचं" म्हणतात. पुण्याच्या बायका अशाच असतात. जाणं सोडू का?

उत्तर: अगं, नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, कारभार हिंदी मराठी दोन्हीत चालायचा, तेव्हा आपल्या मराठीत हिंदी मिसळणारच. लाजायचं काय त्यात? पण हा इतिहास तिथे सांगत बसू नको, कोणी ऐकत नाही. हसल्या की तिथल्या तिथे "आमच्याकडे असंच बोलतात" म्हणायचं आणि आपलं वाक्य पूर्ण करायचं. सगळ्या हसत नसतात, दोघी हसतात अन् बाकीच्या गप्प बसतात, त्या गप्प बसणाऱ्यांपैकी एकीला घरी तर्री पोह्याला बोलाव. आणि "पुण्याच्या बायका अशाच असतात" हे तुझं वाक्य खोडून टाक, तीच भानगड तू उलट्या बाजूने करून राहिली.

प्रश्न: मेलबर्नला आहे. ऑफिसातल्या बंगाली मित्राने दुर्गापूजेला बोलावलंय. नवरात्रात तिथे मासे मटण असते म्हणे, बायकोचा उपवास आहे. नाही कसं म्हणू?

उत्तर: नाही कशाला म्हणता? त्यांच्याकडे मटणाचा बेत बहुतेक नवमीला असतो, अष्टमीला सकाळी अंजली (देवीला फुलं वाहतात ती) अन् दुपारी बऱ्याच ठिकाणी शाकाहारी भोग, खिचडी अन् मिक्स भाजी. अष्टमीला जा. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून बंगाली कुटुंबं आपल्या नागपुरात आहेत, त्यांची दुर्गापूजा इथेही होते, नवीन काही नाही. फक्त खिचडीत तांदूळ असतो, तेव्हा बायको ते खाणार नाही हे मित्राला आदल्या दिवशीच फोन करून सांगा, नाहीतर तिथे पानावर बसल्यावर आग्रह सुरू होईल.