वाचक विचारतात : प्रयोगशाळेतला सोलर ड्रायर पथारीपर्यंत कसा न्यावा?

प्रश्न : आमच्या सरांच्या संशोधनावरून आम्ही चौघांनी मिरचीसाठी सोलर ड्रायर तयार केला आहे. दिवसाची उष्णता पॅराफिन मेणात साठवली जात असल्याने तो सूर्यास्तानंतरही चालतो. उद्योजकता हा विषय अभ्यासक्रमात असल्याने आम्ही नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची पसरून वाळवण्याच्या मोकळ्या मैदानांवर, जाऊन व्यापाऱ्यांना भेटलो. त्यांनी ऐकून घेतले, पण घ्यायला कोणीही तयार नाही. एक काका म्हणाले, "ऊन ते फुकट शे, मंग पेटीले पैसा कसाले देऊत?" आता हा प्रकल्प सोडून द्यावा का?
— अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : सोडू नका, पण त्या काकांचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण त्याचे उत्तर आकड्यांत देता आले पाहिजे. ओल्या लाल मिरचीत साधारण 70 ते 75 टक्के पाणी असते आणि साठवणीसाठी ते 10 टक्क्यांच्या आसपास आणावे लागते. म्हणजे एका क्विंटलमधून 67 ते 72 किलो पाणी उडवायचे. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.67 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते, तेव्हा क्विंटलमागे 45 ते 48 युनिट झाले. आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला ढोबळमानाने 5 युनिट ऊन पडते आणि ड्रायरची कार्यक्षमता 30 टक्के धरली, तर त्यातले दीड युनिट कामी येते. एक क्विंटल मिरची एका दिवसात वाळवायला 30 चौरस मीटरचा ड्रायर लागेल, तीन दिवस घेतले तर 10 चौरस मीटरचा. ज्या व्यापाऱ्याचा शेकडो क्विंटल माल मोकळ्या रानात पसरलेला आहे, त्याच्या हिशेबात तुमची पेटी बसणारच नाही. तुमचे यंत्र वाईट नाही, तुम्ही चुकीच्या गिऱ्हाइकाकडे गेलात.

मग गिऱ्हाईक कोण? ज्याला वाळलेल्या मिरचीच्या रंगाचे आणि स्वच्छतेचे जादा पैसे मिळतात, तो. युरोपीय संघात वाळलेल्या मिरचीतील एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे 10 मायक्रोग्रॅम आहे, आणि हे विष तयार करणारी बुरशी ओलसर राहिलेल्या मालातच वाढते. निर्यातीसाठी माल निवडून घेणारा खरेदीदार, स्वतःच्या नावाने तिखट विकणारा बचत गट, अवकाळी पावसात पथारीवरचा माल काळा पडलेला पाहिलेला लहान शेतकरी, यांच्याकडे जा. आणि "तुम्ही हे यंत्र घ्याल का?" असे विचारू नका, कारण समोर बसलेल्या मुलीचे मन मोडायला नको म्हणून आपली माणसे "हो, घेऊ की" म्हणतात. मागच्या हंगामात किती माल खराब झाला, तो कोणत्या भावाने गेला, ताडपत्रीवर आणि मजुरीवर किती खर्च झाला, एवढेच विचारा.

मेणाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. एक किलो पॅराफिन वितळताना साधारण 200 किलोज्यूल उष्णता साठवते आणि एक किलो पाणी उडवायला सुमारे 2,400 किलोज्यूल लागतात. म्हणजे रात्रीत एक लिटर पाणी उडवायचे तर, उष्णता जराही वाया गेली नाही असे धरूनही, 12 किलो मेण हवे. रात्रभर वाळवण्याचा आग्रह सोडून, रात्रीच्या दमट हवेत मिरचीने पुन्हा ओल धरू नये एवढ्यापुरतेच मेण ठेवले, तर ते कितीतरी कमी लागेल. सरांना हे आदराने, पण आकड्यांसकट दाखवा. मेण हा त्यांच्या संशोधनाचा गाभा असेल, तरी यंत्राची किंमत त्यानेच चढत असणार.

आणखी एक वाट पाहा. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी सोलर ड्रायर विकसित करून एस फोर एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी उभी केली; तिला 2023 मध्ये पर्यावरणविषयक कामासाठीचे अर्थशॉट पारितोषिक मिळाले. यंत्र चालवतात गावातल्या महिला, आणि कंपनी वाळलेला माल खाद्यउद्योगाला विकते. पेटी विकण्यापेक्षा वाळवलेली मिरची विकणे तुम्हाला सोपे जाईल का, याचा हिशेब या सत्रातच मांडून पाहा.

प्रश्न : आम्ही स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनावर विद्यार्थ्यांसाठी उद्योजकतेचा ऐच्छिक विषय सुरू करत आहोत. संशोधन प्राध्यापकांचे आणि बाजाराचे काम विद्यार्थ्यांचे, अशा वेळी मालकी कोणाची? पेटंटचे काय?
— एक प्राध्यापक, जळगाव

उत्तर : आधी पेटंट, मग प्रदर्शन. शोधनिबंध छापून आला किंवा यंत्र प्रदर्शनात उघड झाले, की नावीन्याचा दावा सामान्यतः धोक्यात येतो. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती विषय देण्यापूर्वी पेटंटसाठी तात्पुरता अर्ज दाखल करावा. पूर्ण तपशील देण्यास त्यानंतर 12 महिने मिळतात आणि तेवढ्यात दोन सत्रे होऊन बाजाराचा अंदाजही येतो. 2021 पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात 80 टक्के सवलत आहे, तेव्हा खर्चाची सबब उरलेली नाही.

मालकीबाबत केंद्र सरकारचे 2019 चे विद्यार्थी व अध्यापकांसाठीचे नवोपक्रम व स्टार्टअप धोरण सांगते, की संस्थेची साधने मोठ्या प्रमाणावर वापरून किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जे घडले, त्यावर संशोधक आणि संस्था यांची संयुक्त मालकी असावी. बाजाराचा अभ्यास केल्याने विद्यार्थी पेटंटमधला संशोधक ठरत नाही. पण उद्या कंपनी निघाली तर त्याच्या पायपिटीचा वाटा किती, हे पहिल्याच आठवड्यात कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. हे पुढे ढकलल्यामुळे गुरू-शिष्यांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

अभ्यासक्रमाचा आराखडा नव्याने शोधण्याची गरज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने 2011 मध्ये आय-कोर हा उपक्रम सुरू केला. त्यात संशोधक, उद्योजकतेची धुरा घेणारा (बहुधा विद्यार्थीच) आणि अनुभवी मार्गदर्शक असा गट सुमारे सात आठवड्यांत 100 संभाव्य ग्राहकांशी बोलतो. बर्कले येथील विद्यापीठाच्या 'क्लीनटेक टू मार्केट' या विषयात व्यवस्थापन, अभियांत्रिकी आणि कायद्याचे विद्यार्थी एकत्र येऊन शास्त्रज्ञांच्या एकेका तंत्रज्ञानाची बाजारपेठ तपासतात. आपल्याकडे 100 नाही, 40 मुलाखती ठेवा. पण त्या रावेर-यावलच्या केळीबागांत, दोंडाईच्याच्या बाजारात आणि जिनिंगच्या आवारात झाल्या पाहिजेत, दूरध्वनीवर नव्हे. गुण देताना कंपनी नोंदवली की नाही हे पाहू नका. "हे तंत्रज्ञान इथे चालणार नाही" असे पुराव्यानिशी सांगणाऱ्या गटालाही पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, नाहीतर मुले खोटे गिऱ्हाईक उभे करतील.

प्रश्न : माझा मुलगा पऱ्हाटीपासून (कापूस वेचल्यावर उरलेल्या झाडांपासून) बॉयलरसाठी जळणाच्या कांड्या करण्याच्या प्रकल्पात आहे. कॉलेजचा हा विषय केल्यापासून नोकरीच्या मुलाखती नको म्हणतो आणि भांडवलासाठी शेत गहाण टाका म्हणतो. काय करावे?
— एक शेतकरी, चोपडा

उत्तर : दादा, शेत गहाण टाकू नका. प्रायोगिक यंत्रासाठी केंद्राच्या निधी-प्रयास योजनेतून 10 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. कंपनी नोंदवून स्टार्टअप म्हणून मान्यता मिळाल्यावर, केंद्राची सीड फंड (सुरुवातीच्या भांडवलाची) योजना अजून अर्ज घेत असेल, तर तिच्यातून चाचण्यांसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान मागता येते. दोन्हींचे अर्ज नवउद्योगांना आधार देणाऱ्या इन्क्युबेशन केंद्रामार्फत जातात आणि तिथे परीक्षक प्रश्न विचारतात. मुलाची तयारी तिथेच कळेल. नोकरीच्या मुलाखतींना मात्र त्याला बसायला सांगा, दोन्ही वाटा काही महिने सोबत चालू शकतात.

धंद्याबद्दल एकच विचारा. पऱ्हाटी वजनाला हलकी आणि जागेला भारी. ती वावरातून उपटून, कुट्टी करून यंत्रापर्यंत आणायला टनामागे किती लागतात? फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या स्वतःच्या एका एकरातली पऱ्हाटी त्याच्याकडून गोळा करून घ्या, ट्रॅक्टरचे डिझेल आणि मजुरी लिहून ठेवा, आणि तो हिशेब घेऊनच त्याला केंद्रात पाठवा.