दाताच्या खुर्चीवर बसायचीच भीती वाटते

प्रश्न : ताई, मी रावेरकडची, वय ४२. खालची दाढ किडलीय, डॉक्टरांनी रूट कॅनाल सांगितलंय. पण मशीनचा आवाज आला की हातपाय गार पडतात, अपॉइंटमेंट घेते आणि ऐनवेळी फोन करून टाळते. लहानपणी सुन्न न करताच दात उपटला होता ते डोक्यातून जात नाही. सासूबाई म्हणतात, काही व्हत नही, जाय तू. झोपेचं इंजेक्शन देऊन करतात का?

उत्तर : ताई, तसा दात ओढला असेल तर मोठेपणीही छातीत धडधडणारच, घरच्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. ही भीती इतकी खरी आहे की ती मोजायला नॉर्मन कोरा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्येच प्रश्नावली केली होती.

पण टाळू नका हो. दाढेत पू झाला, सूज वाढली की तिथली आम्लता वाढते आणि सुन्न करायचं औषध नीट लागू पडत नाही, म्हणजे ज्या दुखण्याला घाबरून थांबलात तेच थांबल्यामुळे वाढायचं.

तोंड उघडायच्या आधीच डॉक्टरांना सगळं सांगा, लहानपणीचं पण, लाजू नका. आणि ठरवून घ्या की मी डावा हात वर केला की तुम्ही थांबायचं. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण खुर्चीवर आडवं पडल्यावर आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं आणि भीती तिथूनच वाढते. जो डॉक्टर यावर चिडेल त्याच्याकडे जाऊच नका, दुसरा बघा.

इंजेक्शनआधी हिरडीला सुन्न करणारं जेल लावायला सांगा. खालच्या दाढेला औषध चढायला ५-१० मिनिटं लागतात, अर्धा ओठ जड झाला की मगच सुरू करा म्हणायचं. त्यानंतर दाब आणि थरथर जाणवेल, ते ठीक आहे, पण कळ आली तर हात वर, आणखी औषध देता येतं. इंजेक्शननंतर थोडा वेळ छाती धडधडली तर ते बऱ्याचदा त्यातल्या ॲड्रिनलिनमुळे असतं, ओसरतं. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, गोळी मनानं बंद करू नका.

एका दाढेसाठी पूर्ण झोपवायची सहसा गरज पडत नाही. लाफिंग गॅस, म्हणजे नाकानं हुंगायचा, भीती कमी करणारा वायू, काही ठिकाणी असतो, जळगाव-भुसावळला आधी फोन करून विचारा. भीती कमी करायची गोळी डॉक्टर देऊ शकतात, मात्र मग सोबत कुणीतरी हवंच.

तोपर्यंत दाढेत तंबाखू दाबू नका, ॲस्पिरिनची गोळी कुटून ठेवू नका, हिरडी भाजते. सकाळची पहिली वेळ घ्या म्हणजे दिवसभर धास्ती नको, आणि डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलं नसेल तर भाकरी खाऊन जा, रिकाम्या पोटी चक्कर येते. घरी आल्यावर मात्र ओठ पूर्ण जागेवर येईपर्यंत, दोन-तीन तास, गरम शेवभाजी वगैरे नको, गाल चावला जातो आणि कळतही नाही.