वाचक विचारतात : १९६६ची जीटीओ घ्यावी का?

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. १९६६ सालची पाँटिॲक जीटीओ ही जुनी अमेरिकी मोटार विकत घेऊन उन्हाळ्यात नियमित चालवण्याची इच्छा आहे. घेण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर : आपली निवड उत्तम आहे. १९६४ व १९६५ साली जीटीओ हा 'टेम्पेस्ट' मालिकेतला एक जादा पर्याय होता. १९६६ साली तिला स्वतंत्र दर्जा मिळाला, त्यामुळे अस्सल गाडीचा ओळख क्रमांक (नंबर प्लेटवरचा नव्हे, गाडीवर कारखान्यात कोरलेला) २४२ या अंकांनी सुरू होतो. तो प्रथम तपासावा. त्यानंतर डिकीचा तळ आणि मागच्या चाकांभोवतीचा पत्रा गंजलेला नाही ना, हे गाडी उचलून पाहावे, कारण आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात.

खरी काळजी ब्रेकची. सुमारे ६.४ लिटरचे, ३३५ अश्वशक्तीचे हे इंजिन गाडीला सहज वेग देते. परंतु थांबवण्यासाठी चारही चाकांना केवळ ड्रम ब्रेक आहेत आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलणारा भाग) एकेरी असल्याने एका ठिकाणी गळती झाली तरी सगळेच ब्रेक निकामी होऊ शकतात. दुहेरी मास्टर सिलिंडर व पुढे डिस्क ब्रेक बसवून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. मूळपणा थोडा उणावला तरी चालेल, मूळ भाग जपून ठेवता येतात.

इंजिनाचे संपीडन प्रमाण (इंधन व हवेचे मिश्रण किती पट दाबले जाते ते) १०.७५ असल्याने उच्च ऑक्टेनचेच, म्हणजे दाबाखाली अकाली पेट न घेणारे, पेट्रोल भरावे, आणि त्यातील इथेनॉल इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या खराब करते म्हणून त्या आधीच बदलाव्यात.