गॅस डिटेक्टरचा अलार्म किती आकड्यावर ठेवावा?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या एसटीपीसाठी (सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी) चार गॅसचा हातात धरायचा डिटेक्टर घेतला. टाकीचं झाकण उघडलं की हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म १० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) वाजतो आणि काम थांबतं. ठेकेदार म्हणतो, आकडा ५० करा. करावा का? (सचिव, गोरेगाव)

उत्तर : मुळीच करू नका. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत या वायूची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला १० पीपीएम आणि १५ मिनिटांच्या सरासरीला १५ पीपीएम होती. पहिला अलार्म १० ला, दुसरा १५ ला, हेच योग्य. टाकीतला गाळ ढवळला की आत अडकलेला वायू एकदम सुटतो आणि काही सेकंदांत आकडा शंभरापार जाऊ शकतो. १० आणि १०० यांच्यामधला वेळ हाच माणसाचा बाहेर पडायचा वेळ. १०० च्या आसपास नाकाची वास ओळखण्याची ताकदच जाते. ‘वास गेला, आता उतरा’ हे ऐकून उतरलेला माणूस परत येत नाही.

अलार्म वाजतोय म्हणजे डिटेक्टर आपलं काम करतोय. बदलायची आहे टाकीतली हवा. सगळी झाकणं उघडा आणि ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडा. ब्लोअर जनरेटरवर चालत असेल, तर जनरेटरचा धूर ब्लोअर आत ओढणार नाही इतक्या अंतरावर तो ठेवा. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड तुम्हीच टाकीत भराल. मग बाहेर उभं राहून पंप आणि नळीने वर, मध्ये आणि तळाशी मोजा. मिथेन हवेपेक्षा हलका आहे, हायड्रोजन सल्फाइड जड, त्यामुळे एकाच जागी मोजून भागत नाही. प्रत्येक पातळीवर नळी थोडा वेळ धरा. लांब नळीतून हवा सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो. गाळ मशीनने उपसता येत असेल, तर माणूस उतरवूच नका.

बाकीचे नेहमीचे आकडे असे : ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली आणि २३.५ टक्क्यांच्या वर, ज्वलनशील वायू १० आणि २० टक्के एलईएल (एलईएल म्हणजे वायू पेट घेऊ शकेल असं हवेतलं किमान प्रमाण), कार्बन मोनॉक्साइड ३५ आणि २०० पीपीएम. मिथेन हवेत ५ टक्क्यांना पेट घेऊ शकतो, म्हणजे १० टक्के एलईएल हा प्रत्यक्षात अर्धा टक्का मिथेन.

आकडे बदलायचा मेनू पासकोडमागे असतो. तो कोड एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. काही मॉडेलमध्ये आकड्याच्या जागी ० टाकलं की तो अलार्म बंदच होतो, आणि वरवर पाहणाऱ्याला ते कळत नाही. सेव्ह केल्यावर यंत्र बंद करून चालू करा. बहुतेक यंत्रं सुरू होताना सेट केलेले आकडे दाखवतात, ते वहीतल्या नोंदीशी ताडून पाहा.

त्यानंतर बम्प टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमधला माहीत असलेला गॅस यंत्रावर सोडून अलार्म वाजतो का ते पाहा. ती रोज, टाकीवर जाण्याआधी करायची. मिश्र गॅसच्या सिलिंडरमध्ये साधारणपणे २५ पीपीएम हायड्रोजन सल्फाइड, १०० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड, २.५ टक्के मिथेन आणि १८ टक्के ऑक्सिजन असतो. कार्बन मोनॉक्साइडचा २०० चा अलार्म १०० पीपीएमवर वाजणार नाही. तो दोष नव्हे. पण ३५ चाही वाजला नाही, तर यंत्र बाजूला ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात मोकळ्या हवेतही ऑक्सिजन २०.४ दिसतो. सेन्सर गेला का? (वाचक, चेंबूर)

उत्तर : बहुधा नाही. एसीच्या खोलीत, कोरड्या हवेत तुम्ही यंत्र २०.९ वर कॅलिब्रेट केलंत, म्हणजे तिथल्या हवेला २०.९ टक्के ऑक्सिजन मानून आकडा जुळवलात. बाहेर तीस अंश आणि नव्वद टक्के आर्द्रता असली, की पाण्याची वाफ हवेत जागा घेते आणि ऑक्सिजनचा वाटा खरोखरच घटतो. ज्या हवेत काम करायचं, तिथेच, टाकीपासून दूर आणि रस्त्याच्या धुरापासूनही दूर, यंत्र थोडा वेळ ठेवून मग हवेचं कॅलिब्रेशन करा. १९.५ चा अलार्म मात्र खाली आणू नका. कॅलिब्रेशन करूनही आकडा घसरतच राहिला, तर सेन्सर बदला.

प्रश्न : सॅनिटायझर लावल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म का वाजतो? (वाचक, भांडुप)

उत्तर : सेन्सर अल्कोहोलच्या वाफेलाही प्रतिसाद देतो. हात सुकू द्या. सिलिकॉनचे स्प्रे मात्र त्याहून घातक, कारण ते उत्प्रेरकी पद्धतीचा एलईएल सेन्सर कायमचा निकामी करतात आणि आकडा ० वर निवांत दिसत राहतो. अशा वेळी खरं काय ते फक्त बम्प टेस्ट सांगते.