दिवाळीत मुलाकडे दुबईला जाताना फराळ आणि वडिलांची औषधं नेता येतील का?

नेता येतील, पण अनारसे बाजूला काढा. यूएईमध्ये, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीत, खसखस आणायला सक्त बंदी आहे, तिची गणती अमली पदार्थांत होते. अनारशावरची, करंजीच्या सारणातली, डिंकाच्या लाडवातली, कुठलीच चालत नाही. अनारसे हवेतच तर तिळावर थापा. लोक विसरतात ते घरच्या मसाल्याला. कांदा-लसूण मसाल्यात अनेक घरी खसखस भाजून घालतात आणि दळल्यावर ती दिसत नाही. मसाला तिथे मिळतो, नेऊच नका. चकली, शेव, शंकरपाळे खुशाल न्या. विड्याची पानं मात्र लक्ष्मीपूजनासाठी म्हणूनही नकोत. दुबई कस्टम्सच्या मनाई यादीत त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

खरी अडचण औषधांची. वडिलांना मधुमेह आहे, पायांची आग होते असं तुम्ही लिहिलंय. या आगीसाठी आपल्याकडे सर्रास प्रीगाबालिन देतात आणि ते यूएईत नियंत्रित औषध आहे. ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम यांचंही तसंच. म्हणून स्ट्रिपवरचं कंपनीचं नाव न बघता खाली बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचा. यांपैकी काही निघालं तर निघण्याआधीच यूएई सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्या. डॉक्टरांना आधी विचारा, पर्यायी औषध चालणार असेल तर ही कटकटच टळते.

औषधांसाठीची डॉक्टरांची चिठ्ठी हाताने खरडलेली नको. लेटरहेडवर इंग्रजीत छापलेली, पासपोर्टवर आहे तेच नाव, औषधाच्या घटकाचं नाव, डोस, आजार, सही-शिक्का असं सगळं हवं. आपण दुकानातून चार गोळ्या कापून आणतो, त्यात नेमकं नावच कापलं जातं. वार लिहिलेल्या डबीत गोळ्या सुट्ट्या करून ठेवण्यातही तोच धोका. अख्ख्या स्ट्रिपा घ्या, मुक्कामाला पुरतील तेवढ्याच, आणि चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा.

शेजारच्यांनी ‘आमच्या पोराला एवढं द्या’ म्हणून दिलेला डबा? एक तर तुमच्यासमोर उघडून भरा, नाहीतर सरळ नाही म्हणा. मुंबईच्या एका जोडप्याच्या सामानात 2019 मध्ये कतारच्या विमानतळावर चरस सापडलं. पाकीट नात्यातल्याच बाईने दिलं होतं. 10 वर्षांची शिक्षा झाली आणि निर्दोष सुटायला 2021 उजाडलं. बॅग तुमची, म्हणजे आतली वस्तू तुमची, असंच धरलं जातं.

तिथे पोचल्यावर अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो न विचारता काढू नका. विमानतळ, सरकारी इमारती, अपघात यांचेही नकोत. व्हॉट्सअ‍ॅपवरची शिवीगाळसुद्धा गुन्हा ठरते. गावच्या देवळासाठी वर्गणीचा मेसेज तिथून फिरवू नका, विनापरवाना निधी गोळा करायला बंदी आहे. मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर 100 दिरहम दंड, सिग्नल सोडून भलतीकडून रस्ता ओलांडला तर 400.

कस्टम्सने अडवलंच तर वाद घालू नका, पण न समजणाऱ्या अरबी कागदावर सहीही करू नका. दुभाषी मागा, आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं स्पष्ट सांगा. दूतावास खटला मागे घ्यायला लावू शकत नाही, मात्र भेटायला येऊ शकतो, वकिलांची यादी देतो, घरी निरोप पोचवतो. त्यांचा नंबर मोबाईलमध्ये असतोच, पण मोबाईल काढून घेतला जाऊ शकतो. कागदावर लिहून वडिलांच्याही खिशात ठेवा.