लोक विसरणार नाहीत, मग सरळ चालून उपयोग काय?

शिक्षा भोगून तुरुंगातून सुटलेल्या व्यक्ती आणि त्यांचे आई-वडील, पत्नी, भावंडे समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा प्रत्येकाची हकिकत वेगळी असली तरी एक वाक्य बहुतेकांच्या तोंडी असते. ‘‘मॅडम, कितीही सरळ चाललो तरी लोक काही विसरणार नाहीत. मग सरळ चालून उपयोग काय?’’ हा प्रश्न अलीकडे इतक्या जणांनी विचारला, की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे मनात आले. त्यासाठी मी एका तरुणाची हकिकत निवडली आहे. त्याच्या संमतीनेच ती सांगत आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत. त्याला आपण शंकर म्हणू.

शंकर पुण्यातल्या एका वस्तीत वाढला. दहावी नापास झाल्यावर तो चौकातल्या मुलांत बसू लागला, सक्तीच्या वर्गणीपासून सुरुवात झाली, मग एका टोळीसाठी दमदाटी करू लागला, आणि 2014 मध्ये वर्चस्वाच्या भांडणात त्याने एका माणसावर कोयत्याने वार केले. तो माणूस वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची बोटे कायमची निकामी झाली. भारतीय दंड संहितेच्या कलम 307 खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाबद्दल, शंकरला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. सूट धरून तो 2022 च्या सुरुवातीला येरवडा मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडला. आत त्याने सुतारकाम मन लावून शिकून घेतले होते आणि बाहेर त्याच कामावर जगायचे असे ठरवले होते.

सुटकेच्या दिवशी जुने साथीदार गाड्या घेऊन दारात उभे होते. त्यांना मिरवणूक काढायची होती. शंकर त्यांना हात जोडून आईबरोबर रिक्षाने घरी गेला. पुढचे महिने मात्र त्याला अवघड गेले. नोटाबंदीची बातमी त्याने आत असताना वाचली होती, पण वडापावच्या गाडीवरसुद्धा लोक मोबाइलने पैसे देतात हे त्याने पहिल्यांदाच पाहिले. आधारशी जोडलेला जुना मोबाइल क्रमांक बंद पडला होता, शिधापत्रिकेवरून नाव कमी झाले होते आणि बँकेचे खाते निष्क्रिय होते. अशा गोष्टींना किरकोळ समजू नये. सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत माणसाचा धीर खचतो तो पुष्कळदा अशा खिडक्यांसमोरच. एका फर्निचरच्या कारखान्यात त्याला काम मिळाले, पण तुरुंगाचा विषय त्याने काढला नव्हता. तिथल्या एका कामगाराने ओळखले आणि मालकाने दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. दुसऱ्या ठिकाणी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, तेव्हा तो परत गेलाच नाही. त्याच सुमारास धाकट्या बहिणीचे जमत आलेले लग्न मोडले. आणि या सगळ्या काळात जुन्या साथीदारांचा फोन मात्र नियमाने येत होता: ‘‘भाई, तुझी जागा अजून तशीच आहे.’’ आईने त्याला माझ्याकडे आणले ते या टप्प्यावर.

पहिल्या भेटीत आईच अधिक बोलली. पोरगा मुळात वाईट नव्हता, संगतीने बिघडला, पोलिसांनी मोठे कलम लावले, असे ती पुन:पुन्हा सांगत होती आणि शंकर मान खाली घालून ऐकत होता. आई बाहेर गेल्यावर मी त्याला म्हणाले, ‘‘तुम्ही जे केलं ते अत्यंत वाईट होतं. एका माणसाचा हात तुमच्यामुळे गेला. मी हे सौम्य करून सांगणार नाही.’’ तो चिडेल अशी शक्यता मी गृहीत धरली होती. त्याऐवजी त्याचे खांदे सैल झाले. ‘‘घरात हे कोणी बोलतच नाही, मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘त्यामुळे मी एकटाच स्वतःला बोलत बसतो.’’

घरच्यांनी मायेपोटी दिलेल्या सबबी सुटून आलेल्या माणसाला हलके करत नाहीत, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. सबबींमुळे अपराधाचा विषय घरात बंद होतो, आणि मग तो विषय त्या माणसाच्या डोक्यात रात्रंदिवस चालू राहतो. स्वतःला बोलताना शंकर काय म्हणत असे, ते मी त्याला कागदावर लिहायला सांगितले. त्याने एकच ओळ लिहिली: ‘मी वाईट माणूस आहे आणि हे सगळ्यांना माहीत आहे.’

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे, आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर ती अधिकच पक्की झाली आहे. माणसाच्या कृत्याचे मोजमाप करता येते, अख्ख्या माणसाचे करता येत नाही, हा तिचा गाभा आहे. परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याला हे पटवणे फारसे अवघड नसते. ज्याच्या हातून रक्त सांडले आहे त्याला मात्र यात पळवाट दिसते, आणि प्रामाणिक माणूस पळवाट नाकारतो. शंकरनेही पुढच्या काही भेटींत ती नाकारली. ज्या भेटीत गाठ सुटली, ती मी तपशिलाने सांगते.

मी त्याला विचारले, ‘‘वस्तीत सगळे तुम्हाला भाई म्हणायचे, तेव्हा काय वाटायचं?’’

‘‘छाती फुगायची.’’

‘‘तेव्हा तुम्ही खरोखर मोठे होता?’’

तो बराच वेळ गप्प राहिला. ‘‘नव्हतो. दाराला आतून कडी लावून, उशाला कोयता घेऊन झोपायचो. जी पोरं भाई म्हणायची, त्यांच्यातलंच कोण टीप देईल याची भीती असायची.’’

‘‘म्हणजे अख्खी वस्ती भाई म्हणत होती, तरी तुम्ही मोठे झाला नाहीत.’’

‘‘नाही.’’

‘‘आता तीच वस्ती गुन्हेगार म्हणते.’’

तो माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या लक्षात आले होते, पण पुढच्याच क्षणी त्याने जो आक्षेप घेतला, तो मला आजही महत्त्वाचा वाटतो. ‘‘पण मॅडम, भाई हे खोटं होतं. गुन्हेगार हे खरं आहे. मी केलंय ना.’’

‘‘गुन्हा केलात, हे खरं आहे,’’ मी म्हणाले. ‘‘लोक विसरले तरी ते खरंच राहणार, लोकांनी माफ केलं तरी खरंच राहणार. लोकांच्या विसरण्यानं जी गोष्ट बदलणारच नाही, तिच्यासाठी त्यांच्या विसरण्याची वाट कशाला बघायची?’’

या वेळची शांतता मी मोडली नाही. समुपदेशकाने अशा क्षणी बोलण्याचा मोह आवरायला हवा. अखेर तो सावकाश म्हणाला, ‘‘म्हणजे लोक विसरले नाहीत, तरी मला उद्या कामाला जाता येईल.’’

‘‘येईल.’’

‘‘आणि त्या माणसाची बोटं परत येणार नाहीत, तरी जाता येईल.’’

‘‘तरीही येईल. आणि जायला हवं.’’

शंकरच्या मनात सरळ वागणे हा लोकांशी केलेला सौदा होता: मी नीट वागतो, बदल्यात तुम्ही विसरा. समोरच्याने आपला भाग पाळला नाही की त्यालाही आपला भाग पाळण्याचे कारण उरत नव्हते. टोळीतला मान हाही तसाच सौदा होता. फक्त तिथे समोरचे लोक मोबदला रोख आणि ताबडतोब देत होते. त्यामुळे मोह पैशाचा किंवा दारूचा आहे, असे जे घरच्यांना वाटते ते बहुधा अपुरे असते. पुष्कळ जण परत फिरतात ते जिथे कोणी काही विचारत नाही अशा एकमेव जागेकडे. लोकांनी आपल्याला स्वीकारावे, ही इच्छा अगदी रास्त आहे आणि ती मनात जरूर असावी. त्यांनी स्वीकारलेच पाहिजे, नाहीतर मी सरळ का चालू, हा हट्ट सोडावा लागतो. तो सुटला की लोकांच्या नकाराचे दुःख राहते, पण त्या दुःखाला उत्तर म्हणून कोयता हातात घ्यावासा वाटत नाही.

यानंतरचे काम व्यावहारिक होते, आणि वाचकांपैकी अनेकांना त्याचीच अधिक गरज असेल. पहिला प्रश्न सांगायचे की लपवायचे, हा. प्रत्येक शेजाऱ्याला किंवा चहाच्या टपरीवर भेटणाऱ्याला सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. मात्र जो तुमच्या हाती किल्ली, पैसे किंवा आपली मुलगी सोपवणार आहे, त्याला ते दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळले पाहिजे. शंकरने आणि मी मिळून यासाठी थोडकी वाक्ये तयार केली: ‘‘मारामारीच्या गुन्ह्यात मी आत होतो. एका माणसाला माझ्यामुळे गंभीर इजा झाली. शिक्षा पूर्ण केली आहे. आत सुतारकाम शिकलो. एखादं काम करून दाखवू का?’’ या क्रमाला महत्त्व आहे. सबब नाही, रडणे नाही, फिर्यादीला दोष नाही, आणि शेवटी कामाचा विषय. ही वाक्ये त्याने माझ्यासमोर पुन:पुन्हा म्हटली, कारण प्रत्यक्ष प्रसंगी घसा कोरडा पडतो आणि माणूस एकतर गप्प बसतो किंवा गरजेपेक्षा फार जास्त सांगतो. पहिल्या काही मालकांनी नकार दिला. एका छोट्या कारखानदाराने त्याच्याकडून एक दरवाजा करून घेतला आणि ठेवून घेतले. या मालकाने कित्येक महिने कारखान्याची किल्ली त्याला दिली नाही, आणि त्यात अपमान नाही हे शंकरने समजून घेतले, याचे मला विशेष समाधान वाटते.

दुसरा प्रश्न जखमी झालेल्या माणसाचा. शंकरला त्याच्या घरी जाऊन पाय धरायचे होते. मी ठामपणे नको म्हणाले आणि त्या दिवशी तो माझ्यावर रागावून गेला. ज्याने वार केले तोच दारात उभा राहिला, तर त्या माणसाला माफीआधी भीती दिसेल. घरच्यांना तो दबाव वाटेल आणि ते पोलिसांकडे गेले तर त्यांची चूक म्हणता येणार नाही. शिवाय माफी मागायला जाणे म्हणजे, ज्याचे इतके नुकसान केले त्याच्याकडेच पुन्हा काही मागायला जाणे. दोन्ही घरांना मान्य असलेल्या एका वडीलधाऱ्या माणसामार्फत शंकरने आपला पश्चात्ताप कळवला. समोरून निरोप आला, की त्याने आमच्या समोर येऊ नये. शंकर तेव्हापासून कामाला जाताना लांबच्या रस्त्याने जातो. पश्चात्तापाचे कृतीत दिसणारे रूप याहून वेगळे असावे, असे मला वाटत नाही.

पोलिसांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली की जुने गुन्हे असलेल्यांना चौकीत बोलावणे येते, आणि ज्याला लोक चॅप्टर केस म्हणतात तशी प्रतिबंधक कारवाई होऊ शकते. बोलावणे टाळून पळणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. सुटकेचा दाखला, ओळखपत्र आणि कामाच्या ठिकाणचे पत्र एका पाकिटात कायम तयार ठेवावे आणि वेळेवर जावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 खाली तडीपारीची नोटीस आली, तर कलम 59 नुसार आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते. ती संधी न वापरता घरी बसू नये. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून बंद्यांसाठी काम करत आहे. अशा ठिकाणी मदत मागण्यात कमीपणा मानू नये.

घरच्यांना मी एका जागेबद्दल आवर्जून सांगते. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत आहे. औंध संस्थानाने ती 1939 मध्ये सुरू केली. तिथे शिक्षा झालेले कैदी कुटुंबासह राहून शेती करत आले आहेत. या वसाहतीमागचा विचार असा, की विश्वास आधी टाकायचा आणि माणूस त्याला उतरतो का ते मग पाहायचे. घरात बहुधा याच्या उलट चालते. तो उशिरा आला की खिसे तपासले जातात, फोन वाजला की कोणाचा म्हणून विचारले जाते, आणि नीट वागल्याचा पुरावा रोज नव्याने मागितला जातो. शंकरच्या आईला मी घरखर्चातला एक भाग पूर्णपणे त्याच्यावर सोपवायला सांगितले. तिने सिलिंडर आणि विजेचे बिल त्याच्याकडे दिले. बहिणीच्या पुढच्या स्थळाला त्याने स्वतः सगळे सांगितले. ते स्थळ गेले. त्यानंतरच्या स्थळाकडचे मामा कारखान्यात येऊन त्याचे काम पाहून गेले आणि लग्न ठरले. त्याने सगळे सांगितल्यावर जे स्थळ गेले, त्या रात्रीही तो दुसऱ्या दिवशीच्या कामाची अवजारे पिशवीत भरूनच झोपला, हे आईने मला नंतर सांगितले.

ज्यांच्या घरी असा माणूस नुकताच परत आला आहे, त्यांनी काही खुणांकडे लक्ष ठेवावे. सकाळी उठण्याची वेळ पुढे पुढे जाऊ लागते, कामाबद्दल बोलणे कमी होते, जुन्या क्रमांकावरून आलेले फोन तो बाहेर जाऊन घेऊ लागतो, आणि ‘उपयोग काय’ हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकू येते. अशा वेळी उपदेश करू नका, त्याच्यावर पाळतही ठेवू नका. आज कोणी नकार दिला का, एवढेच विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. तरीही आठवडाभरात फरक पडला नाही, तर काही घडण्याची वाट न पाहता त्याला समुपदेशकाकडे घेऊन या. तो यायला तयार नसेल, तर आधी तुम्ही एकटे आलात तरी चालेल.